वर्षात नोकरी बदललीत? न्यू जर्सीत पगारातून जास्त कापलेले पैसे रिटर्नमध्ये असे परत मागा

पुण्या-मुंबईत नोकरी केलेल्या प्रत्येकाला पगाराच्या पावतीवरचे व्यवसाय कराचे २०० रुपये माहीत असतात. फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००, की झालं. वर्षाच्या मध्ये कंपनी बदलली तरी हिशोब महिन्याचा असल्यामुळे दुबार कापले जायचा प्रश्न सहसा येत नाही. ही सवय घेऊन माणूस एडिसनला किंवा जर्सी सिटीला येतो आणि पे-स्टबवर यूआय, डब्ल्यूएफ, एसडब्ल्यूएफ, डीआय, एफएलआय अशी अक्षरं दिसली की ‘असेल काहीतरी सरकारी’ म्हणून सोडून देतो. जुलैमध्ये एम्प्लॉयर बदलतो, नव्या कंपनीत तीच कपात पुन्हा पहिल्या डॉलरपासून सुरू होते, आणि वर्षाअखेरी राज्याकडे त्याचे शंभर-दोनशे, कधी चारशेच्या आसपास डॉलर जास्तीचे जमा असतात. ते पैसे आपसूक परत येत नाहीत. मागावे लागतात, ते कसे मागायचे हे इथे सांगतो. आकडे २०२५ सालचे आहेत, म्हणजे जे रिटर्न १५ एप्रिल २०२६ पर्यंत भरायचं त्याचे.

आधी एक गोंधळ दूर करू. डब्ल्यू-२ वर, म्हणजे एम्प्लॉयर वर्षाअखेरी देतो त्या पगार-कपातीच्या दाखल्यावर, राज्याची कपात दोन ठिकाणी दिसते. बॉक्स १७ मध्ये राज्याचा आयकर असतो. तो जास्त कापला गेला असेल तर रिटर्न भरल्यावर हिशोब होऊन आपोआप परत मिळतो, त्याच्यासाठी वेगळा फॉर्म लागत नाही. मी सांगतोय ते बॉक्स १४ मधल्या छोट्या आकड्यांबद्दल. हा आयकर नव्हे. बेरोजगारी भत्ता, आजारपणातला भत्ता आणि कुटुंबासाठीची पगारी रजा यांच्या निधीतली ही आपली वर्गणी. हे आकडे बॉक्स १७ मध्ये मिळवून राज्याचा कर म्हणून लिहिणारे लोक मी दरवर्षी पाहतो. तसं केलं तर रिटर्न अडकतं.

कुठल्या कपातीला किती मर्यादा

२०२५ मध्ये तीन कपाती अशा होत्या.

पहिली यूआय/डब्ल्यूएफ/एसडब्ल्यूएफ. बेरोजगारी विमा आणि कामगार-प्रशिक्षणाचे दोन निधी, ही तिन्ही नावं एकत्रच येतात. दर ०.४२५ टक्के, पण फक्त पहिल्या ४३,३०० डॉलर पगारावर. म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त १८४.०३ डॉलर.

दुसरी डीआय, म्हणजे आजारपण किंवा अपघातामुळे काम करता येत नसेल तेव्हाचा विमा. दर ०.२३ टक्के, १,६५,४०० डॉलर पगारापर्यंत. कमाल ३८०.४२ डॉलर.

तिसरी एफएलआय, कौटुंबिक रजेचा विमा. दर ०.३३ टक्के, मर्यादा तीच १,६५,४००. कमाल ५४५.८२ डॉलर.

हे दर दरवर्षी बदलतात आणि चांगलेच बदलतात. २०२३ मध्ये डीआयचा दर शून्य होता आणि एफएलआयची कमाल रक्कम फक्त ९४.०८ डॉलर. २०२४ मध्ये दोन्हींचा दर ०.०९ टक्के झाला, कमाल १४५.२६. २०२५ मध्ये ते कुठे पोचले ते वर दिलंच आहे. म्हणून मागच्या वर्षी मित्राने वापरलेले आकडे या वर्षी उचलू नका. जास्तीची कपात परत मागायच्या त्या-त्या वर्षाच्या एनजे-२४५० फॉर्मवर त्या वर्षाच्या मर्यादा छापलेल्या असतात, त्याच धरा.

एफएलआयबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण नव्याने आलेल्या कितीतरी जोडप्यांना हे माहीतच नसतं. या निधीत फक्त कामगारांचे पैसे असतात, मालक एक सेंटही घालत नाही. त्यातून बाळाच्या जन्मानंतर आईला आणि बापालाही, किंवा आजारी आईवडिलांची काळजी घ्यायची असेल तर, बारा आठवड्यांपर्यंत भत्ता मिळू शकतो. आधीच्या कामाच्या आणि पगाराच्या अटी पूर्ण केलेल्या असतील तर सरासरी आठवडी पगाराच्या ८५ टक्के, २०२५ मध्ये आठवड्याला जास्तीत जास्त १,०८१ डॉलर. तुमच्या पगारातून ही वर्गणी जातेय तर तिच्यातून मिळणारा हक्कही समजून घ्या.

जास्त कपात होते कशी

यात कुणाची चूक नसते, हे आधी लक्षात घ्या. कायद्याने प्रत्येक एम्प्लॉयरने स्वतः दिलेल्या पगारावर, स्वतःपुरती मर्यादा येईपर्यंत कपात करायचीच असते. जुन्या कंपनीने किती कापलं हे नव्या कंपनीने धरायचं नसतं. त्यामुळे नव्या पेरोलवाल्यांना ‘माझी यूआय आधीच पूर्ण झालीय, कापू नका’ असं सांगून उपयोग नाही. ते कापणारच. आपण वर्षाअखेरी राज्याकडे हिशोब मागायचा.

(कंपनीच दुसऱ्या कंपनीने विकत घेतली असेल तर नवा मालक कधीकधी जुन्या मालकाकडचा पगार पुढे धरतो. तेव्हा दोन डब्ल्यू-२ आले म्हणून दोनदा कापलंच असेल असं समजू नका, आकडे बघा.)

पहिलं काम: दोन डब्ल्यू-२ शेजारी ठेवा

डब्ल्यू-२ जानेवारीअखेरीस येतात. जुन्या कंपनीचा कधीकधी येत नाही, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा आपणच पत्ता बदललेला असतो. नोकरी सोडतानाच पेरोलच्या पोर्टलवरून सगळे पे-स्टब उतरवून ठेवा आणि एचआरला नवा पत्ता व स्वतःचा ईमेल कळवा. कंपनीचा लॅपटॉप परत दिला की कंपनीच्या ईमेलवरून उघडलेलं पोर्टलही गेलं.

दोन्ही डब्ल्यू-२ हातात आले की सर्वांत आधी बॉक्स बी बघा. तिथे एम्प्लॉयरचा नऊ आकडी केंद्रीय नंबर असतो, ईआयएन. दोन्हींवर वेगळा असेल तर दोन एम्प्लॉयर. एकच असेल तर कागद दोन असले तरी एम्प्लॉयर एक. पुढचा सगळा मार्ग यावर ठरतो. कंपनीने वर्षाच्या मध्ये पेरोलचा कंत्राटदार बदलला की असं होतं: दोन वेगळ्या छपाईचे डब्ल्यू-२, दोन्हींवर यूआय १८४.०३, पण ईआयएन तोच. असे पैसे रिटर्नमधून मागता येत नाहीत. ते कुठून मागायचे ते खाली सांगितलंय.

मग बॉक्स १४. इथे प्रत्येक पेरोल कंपनीची लेबलं वेगळी. कुणी ‘यूआय/डब्ल्यूएफ/एसडब्ल्यूएफ’ लिहितं, कुणी ‘एनजे एसयूआय’, काही ठिकाणी अजून जुनं ‘यूआय/एचसी/डब्ल्यूडी’ दिसतं. डीआयला ‘एसडीआय’ म्हटलेलं असतं, एफएलआय बहुतेक एफएलआयच राहतं. नाव काहीही असो, तिन्ही रकमा वेगवेगळ्या छापलेल्या असायला हव्यात. एकत्र बेरीज करून एकच आकडा दिला असेल तर राज्य दावा नाकारतं. तसं असेल तर रिटर्न भरण्याआधी एम्प्लॉयरकडून दुरुस्त डब्ल्यू-२, म्हणजे डब्ल्यू-२सी, मागून घ्या.

आणखी एक बारीक गोष्ट. काही मोठ्या कंपन्या डीआय किंवा एफएलआय राज्याच्या निधीऐवजी खासगी विमा योजनेतून देतात. तशी योजना असेल तर डब्ल्यू-२ वर प्रायव्हेट प्लॅनचा नंबर असतो आणि तो फॉर्मवर लिहावा लागतो. बॉक्स १४ मध्ये ‘पीपी’ अक्षरांपुढे आकडे दिसले तर ती रक्कम नाही, तो हा नंबर.

हिशोब

समजा एकाने जानेवारी ते जुलै पहिल्या कंपनीत १,१०,००० डॉलर कमावले आणि उरलेल्या वर्षात दुसरीत ९०,०००. दोन्ही न्यू जर्सीतल्या.

यूआय: दोन्हीकडे मर्यादा ओलांडली, म्हणून दोन्हीकडे १८४.०३. एकूण ३६८.०६, त्यातून १८४.०३ वजा. जास्तीचे १८४.०३.

डीआय: पहिलीकडे २५३.००, दुसरीकडे २०७.००, एकूण ४६०.००. कमाल ३८०.४२. जास्तीचे ७९.५८.

एफएलआय: ३६३.०० आणि २९७.००, एकूण ६६०.००. कमाल ५४५.८२. जास्तीचे ११४.१८.

तिन्ही मिळून ३७७.७९ डॉलर.

आता याच माणसाचा पगार ७२,००० आणि ७८,००० असता तर? एकूण दीड लाख, म्हणजे डीआय आणि एफएलआयच्या मर्यादेच्या आत. त्या दोन्हींत परत काही नाही. फक्त यूआयचे १८४.०३. तिन्ही कपातींचा हिशोब स्वतंत्र आहे, एकात जास्त गेलं म्हणजे तिन्हींत गेलं असं नसतं.

आणि हा फक्त आयटीतल्या मोठ्या पगारवाल्यांचा विषय नाही. ईएडीवर, म्हणजे कामाच्या परवान्यावर, काम करणारी कुणी सकाळी डेकेअरमध्ये आणि संध्याकाळी दुकानात काम करत असेल, एकीकडे २५,००० आणि दुसरीकडे २४,००० मिळत असतील, तर तिचा एकूण पगार ४९,००० होतो आणि यूआयची मर्यादा ओलांडते. कापले गेले २०८.२५, द्यायचे होते १८४.०३. तिचे २४.२२ डॉलर राज्याकडे आहेत. ज्या घरात महिन्याचं भाडं मोजून-मापून भरलं जातं तिथे ही रक्कम सोडायची नसते. फॉर्म तोच, मेहनत तीच.

फॉर्म: एनजे-२४५०

फॉर्म एका पानाचा आहे. वर तुमचं नाव आणि सोशल सिक्युरिटी नंबर. खाली प्रत्येक एम्प्लॉयरसाठी जागा: नाव, ईआयएन, खासगी योजना असेल तर तिचा नंबर, पगार, आणि तीन रकाने – यूआय/डब्ल्यूएफ/एसडब्ल्यूएफ, डीआय, एफएलआय. डब्ल्यू-२ वरून उतरवायचं, रकान्यांची बेरीज करायची, छापलेली कमाल रक्कम वजा करायची. उरलेले तीन आकडे राज्याच्या रिटर्नवर, म्हणजे एनजे-१०४० वर, त्या-त्या नावाच्या तीन वेगळ्या ओळींत जातात. बाहेरच्या राज्यात राहणारे एनजे-१०४०एनआर भरत असतील तर तिथेही अशाच ओळी आहेत. एनजे-२४५० आणि सगळे डब्ल्यू-२ रिटर्नला जोडा.

एक नियम काटेकोर पाळा: एखाद्या एका एम्प्लॉयरनेच कमाल रकमेपेक्षा जास्त कापलं असेल, तर फॉर्मवर त्याच्यापुढे फक्त कमाल रक्कम लिहायची. वरचे पैसे त्या एम्प्लॉयरकडूनच घ्यायचे.

नवरा-बायको एकत्र रिटर्न भरत असले तरी हा हिशोब ज्याचा त्याचा. दोघांनी नोकऱ्या बदलल्या असतील तर दोन वेगळे एनजे-२४५०. नवऱ्याची एक नोकरी आणि बायकोची एक मिळून ‘दोन एम्प्लॉयर’ होत नाहीत. ही चूक फार जण करतात, आणि दावा अर्थातच परत येतो.

सॉफ्टवेअरवर रिटर्न भरत असाल तर एनजे-२४५० बहुतेक आपोआप तयार होतो, पण एका अटीवर. बॉक्स १४ भरताना शेजारी यादीतून प्रकार निवडायचा असतो. तिथे घाईत ‘इतर’ निवडलंत तर सॉफ्टवेअरला ती रक्कम म्हणजे नुसती माहिती वाटते आणि जास्तीची कपात हिशोबातच येत नाही. रिटर्न पाठवण्याआधी पीडीएफमध्ये एनजे-२४५० आहे का ते स्वतः उघडून बघा. सीपीएकडून, म्हणजे तिथल्या सीएकडून, करून घेत असाल तरी हेच. बॉक्स १४ रिकामा सोडून पुढे जाणारे रिटर्न-तयार करणारेही असतात, आणि ते पान आहे का हे बघायला मिनिटभर पुरतं.

एकाच एम्प्लॉयरने जास्त कापलं असेल तर

इथे राज्याचं रिटर्न उपयोगाचं नाही. पेरोल विभागाला लेखी कळवा: कुठली कपात, किती कापली, कमाल किती, फरक किती. सोबत दोन्ही डब्ल्यू-२ आणि शेवटचा पे-स्टब जोडा. त्यांनी पैसे परत करून डब्ल्यू-२सी द्यायचा असतो आणि स्वतःच्या एनजे-९२७ या तिमाही विवरणपत्रात दुरुस्ती करायची असते. पेरोलच्या माणसाला एनजे-९२७ हे नाव सांगितलं की विषय काय आहे ते लगेच कळतं. फोनवर बोलून सोडू नका, ईमेल ठेवा.

ज्यांना न्यू जर्सीचं रिटर्न भरावं लागत नाही

पेन्सिल्व्हेनियात राहून न्यू जर्सीत नोकरी करणारे पुष्कळ मराठी लोक आहेत. दोन्ही राज्यांत करार असल्याने त्यांच्या पगारावरचा आयकर पेन्सिल्व्हेनियात जातो आणि फक्त पगारच असेल तर न्यू जर्सीचं रिटर्न लागत नाही. पण बॉक्स १४ च्या कपाती काम जिथे आहे तिथल्या, म्हणजे न्यू जर्सीच्याच होतात. अशांनी यूसी-९ए हा फॉर्म राज्याच्या कामगार खात्याकडे पाठवायचा. मुदत: ज्या वर्षात पगार मिळाला ते संपल्यापासून दोन वर्षं. २०२५ च्या पगारासाठी ३१ डिसेंबर २०२७, २०२४ च्यासाठी ३१ डिसेंबर २०२६.

उलट, राहणं जर्सी सिटीत आणि नोकरी मॅनहॅटनमध्ये असेल तर तुमच्या कपाती न्यूयॉर्कच्या. त्या एनजे-२४५० वर लिहायच्या नाहीत. वर्षात एक नोकरी न्यूयॉर्कची आणि एक न्यू जर्सीची असेल तर न्यू जर्सीच्या हिशोबात एकच एम्प्लॉयर धरला जातो, म्हणजे दावाच नाही.

जुन्या वर्षी मागायचं राहून गेलं असेल तर त्या वर्षाचं दुरुस्त रिटर्न भरता येतं, पण वरची दोन वर्षांची मुदत लक्षात ठेवून. आयकराच्या रिफंडला जास्त वेळ मिळतो म्हणून यालाही मिळेल असं धरून बसू नका.

कॅलिफोर्नियात असाल तर

बे एरियातले मित्र विचारतात म्हणून थोडक्यात. तिथली कपात एसडीआय, म्हणजे आजारपणातल्या भत्त्याची. २०२३ पर्यंत तिलाही मर्यादा होती. २०२३ मध्ये दर ०.९ टक्के, १,५३,१६४ डॉलर पगारापर्यंत, कमाल १,३७८.४८. त्या वर्षी एकीकडे १,००,००० आणि दुसरीकडे ९०,००० कमावलेल्याचे ९०० अधिक ८१० असे १,७१० कापले गेले, म्हणजे ३३१.५२ जास्त. १ जानेवारी २०२४ पासून मर्यादाच काढून टाकली, सगळ्या पगारावर कपात होते. त्यामुळे नोकरी बदलली म्हणून जास्त कापलं गेलं असं आता तिथे होत नाही. मात्र २०२३ मध्ये दोन नोकऱ्या झाल्या असतील आणि मागायचं राहिलं असेल, तर तिथलं राज्याचं रिटर्न, म्हणजे फॉर्म ५४०, दुरुस्त करून शेड्यूल एक्ससोबत पाठवता येतं. वेळेत रिटर्न भरलेल्यांना साधारण १५ एप्रिल २०२८ पर्यंत मुदत आहे. तीन-साडेतीनशे डॉलरसाठी जुने डब्ल्यू-२ शोधायला हरकत नाही.

त्याच बैठकीत केंद्राचाही बघा

डीआय-एफएलआयमध्ये जास्त गेलं असेल इतका पगार असेल, तर सोशल सिक्युरिटीतही, म्हणजे केंद्राच्या निवृत्तिवेतनाच्या वर्गणीतही, गेलं असण्याची दाट शक्यता आहे. २०२५ ची मर्यादा १,७६,१०० डॉलर, दर ६.२ टक्के, कमाल १०,९१८.२०. वरच्या उदाहरणातल्या माणसाचे डब्ल्यू-२ च्या बॉक्स ४ मध्ये ६,८२० आणि ५,५८० मिळून १२,४०० गेले. म्हणजे १,४८१.८० डॉलर जास्त. हे केंद्राच्या रिटर्नच्या, म्हणजे फॉर्म १०४० च्या, शेड्यूल ३ वर, ओळ ११ मध्ये मागायचे. नियम इथेही तेच: एम्प्लॉयर दोन किंवा जास्त हवेत, नवरा-बायकोचा हिशोब वेगळा, आणि एकाच कंपनीने जास्त कापलं तर कंपनीकडे जायचं. मेडिकेअरला, म्हणजे केंद्राच्या आरोग्य विम्याच्या वर्गणीला, मर्यादा नाही, त्यामुळे बॉक्स ६ मध्ये शोधू नका.

घर घेतलेलं असेल आणि केंद्राच्या रिटर्नमध्ये शेड्यूल ए भरून वजावटी घेत असाल, तर राज्याच्या या वर्गण्या तिथे कर म्हणून दाखवता येतात. पण परत मागितलेली रक्कम वजा करूनच दाखवा. तेच डॉलर एकीकडे रिफंडमध्ये आणि दुसरीकडे वजावटीत चालत नाहीत.

ट्रेंटनहून पत्र आलं तर

एनजे-२४५० लावलेल्या रिटर्नवर ट्रेंटनमधल्या राज्याच्या कर खात्याकडून, म्हणजे डिव्हिजन ऑफ टॅक्सेशनकडून, कागद मागणारं पत्र येऊ शकतं. नव्याने आलेल्या माणसाला सरकारी लखोटा पाहिला की व्हिसावर काही बालंट येईल अशी धास्ती वाटते. या पत्राचा व्हिसाशी काही संबंध नाही. त्यांना बहुधा बॉक्स १४ स्पष्ट दिसणाऱ्या डब्ल्यू-२ च्या प्रती हव्या असतात. पत्रावर दिलेल्या मुदतीत, पत्राची प्रत वर लावून, सगळे डब्ल्यू-२ आणि एनजे-२४५० पाठवा. मूळ कागद पाठवू नका. उत्तर दिलं नाही तर ते दावा काढून टाकून उरलेला रिफंड देतात, आणि मग यूसी-९ए घेऊन कामगार खात्याकडे नव्याने मागावं लागतं.